सीएच ५० नावाची टेस्ट आणि सोलापूरचा मे महिना

आमच्या मुलाला लुपस आहे, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, हे पाचव्या वर्षी कळलं. गालावर चट्टे, उन्हात गेला की वाढायचे, मग फिट्स आल्या, अ‍ॅडमिट, एमआरआय, सगळं झालं. डॉक्टर चांगले भेटले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती रक्त घेणाऱ्या कलेक्शन सेंटरची, अजून डोकं तापतं.

पुण्याच्या डॉक्टर मॅडमना खटकलं ते असं, की लुपसच्या दहा पेशंटमधे नऊ बाया असतात आणि इथे एवढासा मुलगा. लुपससाठी रक्तात बघतात त्या अँटिबॉडींपैकी एएनए पॉझिटिव्ह पण डीएस-डीएनए निगेटिव्ह. आजार एवढा भडकलेला तरी सी३, सी४ नॉर्मल, ही रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रोटीन्स, जी एरवी खाली जातात. मग विचारलं, नात्यात लग्न आहे का? आहे ना, बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. तर म्हणाल्या, त्याच साखळीतलं सी१क्यू नावाचं प्रोटीनच त्याच्यात नसेल. ते मेलेल्या पेशी उचलायला मदत करतं, नसलं की तो कचरा साचतो, शरीर त्यावरच उठतं, इंटरफेरॉन नावाचं दाह भडकवणारं प्रोटीन वाढतं आणि काही मुलांत मेंदूपर्यंत जातं. नेहमीच्या लुपसमधे बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा हात असतो, इथे मात्र एकच जीन पुरतं. आधी सीएच ५० करा, म्हणजे कॉम्प्लिमेंटची अख्खी साखळी चालते का हे बघणारी रक्ताची टेस्ट, ते शून्य आलं तर जीन टेस्ट.

आता हे सीएच ५० म्हणजे नाजूक प्रकरण. ट्यूबमधलं रक्त साकळलं की लगेच वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सिरम, वेगळं काढून डीप फ्रीज करायचं आणि ड्राय आइसमधे पाठवायचं. चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं. सेंटरवाल्याने ट्यूब स्टँडला लावली आणि मला म्हणतो, "साहेब, संध्याकाळी पोरगा येतो, एकदमच नेतो." मे महिना, सोलापूर! मी म्हटलं अहो हे फ्रीज करायचंय, तर म्हणे आमचं रोजचं काम आहे. रिपोर्ट आला, सॅम्पल रिजेक्टेड. परत पोराला टोचलं, तो आता सुई बघितली की टेबलाखाली जाऊन बसायचा. या वेळी रिपोर्ट आला शून्य. आम्ही रडलो पण आणि सुटलो असंही वाटलं, तर मुंबईच्या लॅबमधून फोन, की सॅम्पल गरम झालं तरी शून्यच येतं, त्यामुळे धरू नका. म्हणजे शून्य आजाराचं का टेम्पोतल्या उन्हाचं, सांगणार कोण? सेंटरवाला पैसे परत द्यायला तयार नाही, वर म्हणतो टेस्ट तर झाली ना.

शेवटी मॅडमनीच सुचवलं, पुण्यात जिथे टेस्ट होते त्याच लॅबमधे जाऊन रक्त द्या, आणि सोबत माझंही, त्याच वेळी. माझं नॉर्मल, त्याचं शून्य, म्हणजे सॅम्पल नीट होतं, शून्य आजाराचंच. आता मात्र कुणाला बोलायला जागा नाही. ही युक्ती लक्षात ठेवा, सेंटरवाल्याचं तोंड बंद करायला पण उपयोगी.

जीन टेस्ट सोपी निघाली, जांभळ्या झाकणाची ट्यूब, बर्फाचे लाड नाहीत, फक्त थांबावं लागतं. सी१क्यू बनवायला लागणाऱ्या सी१क्यूए जीनच्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड, एक माझ्याकडून, एक हिच्याकडून, आम्ही दोघंही कॅरियर, म्हणजे एकच प्रत बिघडलेली, स्वतःला आजार नाही. पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता, म्हणून धाकटीची पण टेस्ट केली, तिला नाहीये. आई अजून म्हणते आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. फॉर्मवर तीन पिढ्यांचा तक्ता मागतात तेव्हा असल्या गप्पा चालत नाहीत, तो घरूनच लिहून न्या, लहानपणी वारलेली भावंडंसुद्धा घाला.

आता फिट्सच्या गोळ्या चालू आहेत आणि ठरावीक दिवसांनी प्लाझ्मा, कारण दात्याच्या प्लाझ्मात सी१क्यू असतं. बोन मॅरोचा विषय पण निघालाय, हे प्रोटीन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी तिथूनच येतात म्हणून, पण त्यातली जोखीम ऐकून अजून ठरत नाहीये. आणि हो, न्युमोकोकस, मेनिंगोकोकस या जंतूंविरुद्धच्या लसींबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा, या मुलांना इन्फेक्शन लवकर होतात, आमच्या फाइलमधे ते फार उशिरा आलं.