पुळणीतली खुंटी

"मास्तर, पुळणीत खुंटी उभी ठोकून राहते काय? आडवी पुरा!"

हर्णैच्या किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या आजोबांनी हाक मारली, तोवर स्काउटच्या पोरांचा आणखी एक तंबू लोळला होता. समोर सुवर्णदुर्ग, म्हणून सगळ्या तंबूंची तोंडं समुद्राकडे. (फोटो छान येतात ना!)

मग पोरांनी हातभर खड्डे खणले, खुंटीच्या मधोमध दोरी बांधून ती आडवी गाडली, वर ओली वाळू दाबली. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सुटला, थेट तंबूंच्या पाठीवर. एकही हलला नाही.

1907 मध्ये स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेलनी पहिलं शिबिर भरवलं तेही पाण्याकाठीच, इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर. आमच्याकडे मात्र गाठी शिकवायला माणूस शहरातून येतो. बंदरावर शिकवणारे कमी आहेत काय?