टाकीच्या भिंतीला किती रुंद भेग पडेल? हिशोब आणि सळईची जागा

आरसीसीला भेगा पडतातच. सळई तिचं काम करू लागते तीच मुळी तिच्याभोवतीचं काँक्रीट तडकल्यावर. म्हणून डिझाइन करताना विचारायचं ते इतकंच, की भेग किती रुंद होईल आणि तेवढी चालेल का. बीम-कॉलमच्या इमारतीत हा हिशोब सहसा कुणी करत नाही, तिथे सळयांमधल्या अंतराचे नियम पाळले की भागतं. पाण्याच्या टाकीत मात्र हा हिशोब टाळून चालत नाही. म्हणून इथे टाकीचंच उदाहरण घेतलं आहे.

भिंत ३ मीटर उंच, वर मोकळी, तळाशी स्लॅबमध्ये पक्की, म्हणजे कँटिलिव्हर. पाणी काठोकाठ. तळाशी मोमेंट (पाण्याचा भिंतीला वाकवणारा जोर) १० × ३³ ÷ ६ = ४५ किलोन्यूटन-मीटर, भिंतीच्या दर मीटर लांबीला; यातला १० म्हणजे पाण्याचं वजन, ३ म्हणजे उंची. जाडी २५० मिमी, एम ३० काँक्रीट (ताकद ३० न्यूटन प्रति चौ. मिमी), एफई ५०० सळई (ताकद, म्हणजे एफवाय, ५००), पाण्याच्या बाजूला कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिमी आणि उभ्या सळया सगळ्यात बाहेर. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी ताकदीचा हिशोब. सुरक्षिततेसाठी मोमेंट दीडपट करून ६७.५, त्याला लागणारं स्टील साधारण ८५० चौ. मिमी. १६ मिमीच्या सळया २२५ मिमी अंतरावर दिल्या की ८९४ मिळतं. ताकदीच्या दृष्टीने भिंत पास. बरीच ड्रॉइंग्ज इथेच थांबतात.

आता भेगेचा हिशोब. यात मोमेंट दीडपट करायचं नाही. भेग रोजच्या भारावर पडते, म्हणून ४५ च घ्यायचं. ही चूक नवखे इंजिनिअर नेहमी करतात. मग भेग भलतीच रुंद दिसते आणि घाबरून स्टील वाढवलं जातं.

आयएस ४५६:२००० (काँक्रीटचं भारतीय मानक) च्या ॲनेक्स एफमधलं आणि आयएस ३३७० (पाण्याच्या टाक्यांचं मानक) भाग २ च्या २००९ च्या आवृत्तीतलं सूत्र मुळात एकच आहे. त्यात स्ट्रेन म्हणजे ताणाने लांबी वाढण्याचं प्रमाण, आणि न्यूट्रल ॲक्सिस म्हणजे दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा, तिची खोली दाबाच्या बाजूने मोजायची:

भेगेची रुंदी = ३ × अंतर × सरासरी स्ट्रेन ÷ [१ + २ × (अंतर − कव्हर) ÷ (जाडी − न्यूट्रल ॲक्सिसची खोली)]

यातलं 'अंतर' म्हणजे पृष्ठभागावरच्या ज्या बिंदूपाशी भेग मोजायची, तिथून जवळच्या सळईच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. सळईच्या मध्यापर्यंतचं नव्हे. सगळ्यात वाईट बिंदू दोन सळयांच्या बरोबर मधोमध असतो. आपल्या भिंतीत तो आडवा ११२.५ मिमी आणि खोलीत ४५ + ८ = ५३ मिमी दूर आहे. या दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ १२४, त्यातून सळईची त्रिज्या ८ वजा केली की ११६ मिमी.

न्यूट्रल ॲक्सिससाठी सेक्शन तडकलेला धरायचा. मॉड्युलर रेशो (स्टील काँक्रीटच्या किती पट ताठ धरायचं ते प्रमाण) २८० ÷ (३ × १०) = ९.३३, यातला १० हा एम ३० चा परवानगी असलेला दाब. इफेक्टिव्ह डेप्थ, म्हणजे दाबाच्या बाजूपासून सळईच्या मध्यापर्यंतची खोली, २५० − ४५ − ८ = १९७ मिमी. त्यावरून न्यूट्रल ॲक्सिसची खोली ४९.६ मिमी येते, लीव्हर आर्म (दाब आणि ताण यांच्यातलं अंतर) १८०.५ मिमी आणि सळईतला स्ट्रेस २७९ न्यूटन प्रति चौ. मिमी. सूत्र लागू होण्यासाठी सळईचा स्ट्रेस ०.८ एफवायच्या, म्हणजे ४०० च्या आत हवा. तो आहे. २७९ ला २ लाखांनी भागून सळईतला स्ट्रेन ०.००१३९५. भेग पृष्ठभागावर मोजायची आहे, म्हणून तो (२५० − ४९.६) ÷ (१९७ − ४९.६) या प्रमाणात वाढवला की ०.००१९.

आता यातून वजाबाकी. दोन भेगांच्या मधलं काँक्रीट अजून सळईला धरून असतं आणि थोडा ताण स्वतः घेतं. त्याला टेन्शन स्टिफनिंग म्हणतात. ०.२ मिमीच्या मर्यादेसाठी ती वजाबाकी अशी: भिंतीची रुंदी (१००० मिमी) × (जाडी − खोली)² ÷ (३ × २ लाख × स्टील × (इफेक्टिव्ह डेप्थ − खोली)). इथे ती ०.०००५१ आली. उरला सरासरी स्ट्रेन ०.००१३९.

सूत्रात घातलं: ३ × ११६.४ × ०.००१३९ ÷ १.७१२ = ०.२८ मिमी. मर्यादा ०.२. ताकदीत पास झालेली भिंत इथे नापास.

पहिला विचार येतो तो स्टील वाढवण्याचा. त्याआधी तेवढंच स्टील बारीक सळयांमध्ये वाटून बघा. १२ मिमीच्या सळया १२५ मिमीवर, स्टील ९०५, जवळजवळ तितकंच. स्ट्रेस २७३ वर राहतो, फारसा हलत नाही. पण 'अंतर' ११६ वरून ७५ वर येतं आणि भेग ०.२३ मिमी होते. अजून थोडं कमी पडतं, म्हणून १२ मिमी १०० मिमीवर घेतलं: स्टील ११३१, स्ट्रेस २२०, भेग ०.१८ मिमी. पास.

हिशोब टाळून २००९ च्या आवृत्तीतल्या १३० न्यूटन प्रति चौ. मिमीच्या सोप्या मर्यादेत स्ट्रेस ठेवायचा म्हटलं, तर याच भिंतीला २००० चौ. मिमीच्या आसपास स्टील लागतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या आकडेमोडीने सळईत मोठा फरक पडतो. माझं मत विचाराल तर छोट्या टाकीला सोपी मर्यादा ठीक, पण भिंत ३ मीटरच्या पुढे गेली की हिशोब करावाच.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली अट. ड्रॉइंगवर उभ्या सळया बाहेर दाखवल्या आहेत, पण साइटवर फिटरने सवयीने आडव्या १० मिमी सळया बाहेरून बांधल्या आणि कव्हर ब्लॉक त्यांना लावले. कव्हर ४५ च राहिलं, सुपरवायझरने मोजून बरोबरही केलं. पण मोमेंट घेणारी उभी सळई १० मिमी आत गेली. तिच्यासाठी कव्हर आता ५५. इफेक्टिव्ह डेप्थ १९९ ची १८९ झाली, स्ट्रेस २३२ वर गेला, 'अंतर' ६५ चं ७३ झालं आणि भेग ०.१८ वरून ०.२३ वर गेली. ना स्टील कमी झालं, ना काँक्रीट बिघडलं, फक्त बांधण्याचा क्रम उलटला. आणखी ५ मिमी आत, म्हणजे कव्हर ६०, झालं तर ०.२७. जास्त कव्हर म्हणजे जास्त सुरक्षित असं साइटवर सर्रास मानतात. गंजापासून बचावाला ते काही अंशी खरं आहे, पण डेप्थ खाऊन मिळवलेलं कव्हर भेगा रुंद करतं. म्हणून हिशोबात कव्हर लिहिताना विचारा: कुठल्या सळईचं? ज्या सळईला आडवी जाणारी भेग मोजतोय, तिचं.

हे आकडे किती खरे धरायचे? याच १२ मिमी १०० मिमीच्या भिंतीला युरोकोड २ (युरोपचं काँक्रीटचं मानक) च्या २००४ च्या पद्धतीने साधारण ०.२१ मिमी येतात. आपल्या सूत्राने ०.१८. भिंत तीच, पाणी तेच. त्यामुळे दशांशाच्या दुसऱ्या घरावर वाद घालू नये. हिशोबाने ०.१९९ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मी ०.१८ च्या वर गेलो की सळयांमधलं अंतर कमी करतो. शिवाय सूत्र दिलेल्या रुंदीपेक्षा एखादी भेग रुंद निघणारच, काँक्रीटची ताणातली ताकद जागोजागी बदलते.

कुणी असंही विचारेल की ही भिंत तडकेल तरी का? एम ३० ची ताणातली ताकद ०.७ × √३० = ३.८ धरली, तर भिंत ४० किलोन्यूटन-मीटरला तडकते. आपलं मोमेंट ४५, म्हणजे जेमतेम वर. मोमेंट ३८ असतं तरी मी हिशोब सोडला नसता. पाणी भरायच्या आधीच आकुंचनाने आणि तापमानाने त्या ताकदीतला बराच भाग खाल्लेला असतो.

आकुंचनाच्या भेगा हे वेगळं प्रकरण आहे आणि वरचं सूत्र त्यांना लागू नाही. भिंत आधीच घट्ट झालेल्या तळावर ओततात. हायड्रेशनने (सिमेंट-पाण्याच्या रासायनिक क्रियेने) ती तापते, मग थंड होताना आखडते, आणि तळ तिला आखडू देत नाही. त्यातून उभ्या भेगा पडतात. त्यांना आवरायचं काम आडव्या सळयांचं. २००९ च्या आवृत्तीप्रमाणे दर बाजूला अर्ध्या जाडीच्या ०.३५ टक्के, म्हणजे १२५ मिमी जाडीला ४३८ चौ. मिमी. १० मिमी १७५ मिमीवर दिलं की ४४९. यात भेगांमधलं जास्तीत जास्त अंतर (२/३) × १० ÷ (२ × ०.००३५९), सुमारे ९३० मिमी; १० हा सळईचा व्यास, ०.००३५९ हे स्टीलचं प्रमाण, आणि २/३ हे काँक्रीटची ताणातली ताकद भागिले सळईशी पकड. तापमानाची घट ३० अंश आणि प्रसरणांक दर अंशाला १० लाखात १० धरला, आणि त्या आखडण्यातला निम्माच भाग भेगेत येतो असं घेतलं, तर रुंदी ०.१४ मिमी. नवीन टाकीवर हातभर अंतराने समांतर उभ्या भेगा दिसतात त्या बहुधा याच.

आकड्याने ०.१४ ही ०.१८ पेक्षा लहान, पण गळती मात्र हिच्यातून जास्त. वाकण्याची भेग न्यूट्रल ॲक्सिसपाशी थांबते, मागे पाच-साडेपाच सेंटीमीटर दाबातलं अखंड काँक्रीट उरतं. आकुंचनाची भेग आरपार जाते. बीएस ८००७ या टाक्यांच्या जुन्या ब्रिटिश मानकात पाणी भरून चाचणी घेताना बारीक भेगा आपोआप बुजायला वेळ दिला होता: ०.१ मिमीला ७ दिवस, ०.२ मिमीला २१ दिवस. तेव्हा पहिल्या आठवड्यात ओल दिसली म्हणून लगेच ग्राउटिंगवाल्याला बोलवू नका.

टाकीबाहेरच्या कामांसाठी आयएस ४५६ च्या मर्यादा: जिथे भेगेने अपाय नाही तिथे ०.३, ओल किंवा मातीशी संपर्क असेल तर ०.२, 'सिव्हियर' आणि पुढच्या वातावरणात ०.१ मिमी. समुद्रकिनाऱ्याच्या हवेत उघडं राहणारं काँक्रीट 'सिव्हियर' मध्येच मोडतं. मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची उघडी गॅलरी पुण्यातल्या ड्रॉइंगवरून उचलून बांधू नये, याचं कारण इथेच आहे.

मोजणीबद्दल. प्लास्टरवर भेग मोजण्यात अर्थ नाही, आधी ते काढा. पृष्ठभाग ओला करून सुकू द्या. बाकी भाग सुकतो तेव्हा भेग काळपट ओली राहते, तेव्हा ती नीट दिसते. क्रॅक कार्ड (वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेली पट्टी) भेगेला काटकोनात धरा, तिरकं धरलं की रुंदी फुगते. कडा तुटलेल्या जागी मोजू नका. एका भेगेवर निदान ५ ठिकाणी मोजा, टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, आणि टाकी भरलेली होती की रिकामी हे त्याच ओळीत लिहा. रिकाम्या टाकीवरचा ०.१ आणि भरलेल्या टाकीवरचा ०.२ ही एकाच भेगेची दोन मापं असू शकतात.