कळसूबाई : अकराला मागे फिरायचं

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा कळसूबाईला निघतोय. पुन्हा, कारण गेल्या वर्षी मे अखेरीला शेवटच्या लोखंडी शिडीच्या पायथ्याशी जाऊन परत फिरलो. कळसूबाईचं देऊळ अगदी डोक्यावर होतं. भाचा अजून म्हणतो, "मामा, दहा मिनिटांत झालं असतं." त्याला एकदा नीट सांगायचं राहिलंय, म्हणून इथं लिहून काढतोय.

सोलापूरच्या माणसाला उंचीचा अंदाज येत नाही. आमच्याकडे किल्ला आहे तोसुद्धा भुईकोट. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, कळसूबाई १६४६ मीटर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे आपल्याकडे पहाटे १५ अंश असतील तर शिखरावर सातच्या आसपास, आणि वर वारा. चढताना शर्ट घामानं चिंब झालेला असतो, माथ्यावर आडोसा म्हणून काही नाही. पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. त्यामुळे यंदा प्रत्येकाच्या पिशवीत एक कोरडा शर्ट, कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट. घाम पुसायला आपला सोलापुरी टॉवेल आहेच.

गेल्या वर्षी चूक माझी झाली. सोलापुरातून रात्री निघालो, टेंभुर्णी, करमाळा, नगर, संगमनेर करत सबंध रात्र गाडी मीच चालवली. अकोल्याच्या पुढे राजूरला चहाला थांबलो, तिथं अर्धा तास गेला. पायथ्याच्या बारी गावातून पाऊल उचललं तेव्हा नऊ वाजून गेले होते. मे महिन्यात नऊला चढायला लागणं म्हणजे ऊन अंगावर घेऊन दुपारच्या ढगांना गाठायला जाणं. वळवाचा पाऊस सकाळी सहसा येत नाही. जमीन तापते, दमट हवा वर चढते, दुपारनंतर ढग उभे राहतात.

तसंच झालं. एकच्या सुमारास भंडारदऱ्याच्या बाजूनं काळं चढून आलं. शिडीच्या कठड्यावर माझा हात होता, लोखंड उन्हानं तापलेलं, आणि अचानक गार वाऱ्याची झुळूक मानेवर आली. वीज चमकली. मी मोजायला लागलो. अठराव्या आकड्याला गडगडलं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे सहा किलोमीटर. पुढची चमक झाली तेव्हा मोजणी बारावर संपली. चार किलोमीटर. मी म्हणालो, "उतर." भाच्यानं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हणालो, "उतर, कठड्याला जास्त वेळ धरू नकोस."

मी वायरमन आहे, तीस वर्षं यंत्रमागांच्या मोटारी बांधतोय. अर्थिंग म्हणजे काय ते हातानं शिकलोय. वीज जमिनीत शिरली की चहूकडे पसरते, आणि पडल्या जागेपासून जसजसं लांब जावं तसतसा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होत जातो. तुमचे दोन पाय फाकलेले असले तर एका पायाखाली दाब जास्त, दुसऱ्याखाली कमी, आणि तेवढ्या फरकानं करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. झाडाखाली उभी असलेली गुरं म्हणूनच एकदम दगावतात, त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठं. सापडलोच तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही, एकमेकांना धरून बसायचं नाही. पण खरं सांगतो, उघड्या माथ्यावर बसून सुरक्षित राहता येतं असं कुणी समजू नये. चमक आणि आवाज यांत तीसपेक्षा कमी सेकंद असले की निघायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाव काढायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये आहे, आसपास वीज पडली की कळवतं. डोंगरात रेंज जाते म्हणून बोटांवर मोजणं सोडत नाही.

डिसेंबरात विजेचा धोका जवळपास नाही. तरी मागे फिरायची वेळ अकराच ठेवलीय, आणि ती इथं घरी बसून चौघांनी कबूल केलीय. वर गेल्यावर देऊळ दिसतं आणि माणूस हिशेब विसरतो. भावजींचे गुडघे उतारावर बोलतात, उतरायला त्यांना चढण्याइतकाच वेळ लागणार. हिशेब साधा आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये मांडला: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास, वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. बारीपासून चढ नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या उंचीचाच दीड तास. आम्ही नवखे, वाटेत बसणार, म्हणून साडेतीन तास धरलेत. पहाटे साडेपाचला बॅटरी लावून निघायचं. शुक्रवारी रात्री बारीतच मुक्काम, म्हणजे गाडी चालवणाऱ्याची झोप होईल.

सरावाला डोंगर नाही, जिना आहे. आमची इमारत तीन मजली, एका फेरीला नऊ मीटर. पाठीवर तीन लिटर पाणी घेऊन रोज तीस फेऱ्या म्हणजे २७० मीटर. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकू दार उघडून विचारायच्या, "काय हरवलं का?" आता त्या दार उघडून पाणी देतात.

खायला कडक भाकरी. चार दिवस टिकते, वजनाला हलकी. पण पिशवीत चुरा होतो, म्हणून स्टीलच्या डब्यात. शेंगाचटणी कमी घेतोय, तिखट-मीठ जास्त, तहान लागते. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे. माझ्या बायकोकडे कागद दिलाय: बारीतल्या मुक्कामाचा फोन, गाडीचा नंबर, आणि दुपारी चारपर्यंत फोन आला नाही तर आधी त्या घरी फोन करायचा, मग ११२ ला.

काकूंना चोवीस भाकऱ्या सांगितल्यात. गुरुवारी संध्याकाळी भाचा आणायला जाणार आहे.