बुश्तेनीतला कांताकुझिनो वाडा

बुखारेस्टचे दिवस ऊन आणि ट्रॅफिकमध्ये गेले. लिहायचंय ते रुमानियातल्याच बुश्तेनी या डोंगराळ गावाबद्दल, कारण तिथे मी जाम वैतागले.

स्टेशनवरून वाड्याचा चढ चढताना दम निघतो, पण समोर काराइमानचा डोंगर आणि त्यावरचा प्रचंड क्रूस दिसत असल्याने चालवतं. फाटकाशी बघते तर ही झुंबड! नेटफ्लिक्सवरच्या एका मालिकेत हा वाडा शाळा म्हणून दाखवलाय. त्यामुळे तिच्या नायिकेसारख्या दोन वेण्या, काळे कपडे आणि चेहऱ्यावर ठरवून आणलेला रुसवा घेऊन पोरी फोटोसाठी रांगेत उभ्या. आत दिवाणखान्याच्या भिंतीवर कांताकुझिनो घराण्याची आणि सोयऱ्यांची मानचिन्हं ओळीने रंगवली आहेत. तिकडे ढुंकून बघायला कुणाला वेळ नाही.

अहो, काय घराणं होतं ते! मूळचे ग्रीक, बायझंटाइन सम्राटाचे वंशज म्हणवणारे. ऑटोमन सुलतानाला फर पुरवून गब्बर झालेल्या मिहाइलला लोक ‘सैतानोग्लू’, म्हणजे सैतानाचा पोर, म्हणायचे. 1578 मध्ये सुलतानानेच त्याला त्याच्या वाड्याच्या दारात फासावर चढवलं. त्याचा नातू कॉन्स्टान्टिन वालाकियात, म्हणजे आजच्या दक्षिण रुमानियातल्या तेव्हाच्या संस्थानात, मोठा सरदार झाला आणि 1663 मध्ये स्नागोव्हच्या मठात मारला गेला. नातवाचा मुलगा शेर्बान मात्र 1678 मध्ये थेट गादीवर बसला. त्याच्याच कारकिर्दीत संपूर्ण बायबल रुमानियनमध्ये छापायला घेतलं गेलं, 1688 मध्ये ते बाहेर पडलं. पुढे 1716 मध्ये पुन्हा सुलतान, पुन्हा मृत्युदंड: शेर्बानचा पुतण्या राजा श्तेफान आणि त्याचा म्हातारा बाप, दोघांनाही इस्तंबूलमध्ये.

वाडा बांधणारा गेओर्गे ग्रिगोरे कांताकुझिनो दोनदा रुमानियाचा पंतप्रधान होता. संपत्ती इतकी की लोकांनी नावच ‘नबाब’ पाडलं. 1907 मध्ये जमिनीसाठी शेतकरी पेटून उठले, त्यात त्याचं सरकार गेलं. हजारो शेतकरी मारले गेले. आणि 1911 मध्ये हा वाडा तयार! रंगीत छताखाली उभं राहून हे आठवलं, तेव्हा फोटोवाल्या पोरींवरचा राग माझा मलाच हास्यास्पद वाटला. रागवायचंच तर ते नबाबावर.

परतीच्या गाडीतून शेजारचं सिनाया गाव ओझरतं दिसलं. तिथला मठ 1695 चा, शेर्बानचा भाऊ मिहाइ याने बांधलेला. बुखारेस्टचं कोल्त्सेआ रुग्णालयही त्याचंच, 1704 पासूनचं. ते अजून चालू आहे, दारात त्याचा संगमरवरी पुतळा आहे. सुलतानाने 1716 मध्ये त्यालाही सोडलं नाही. तिकीट काढायचंच होतं, तर ते मी या माणसासाठी खुशाल काढलं असतं.