सांबऱ्याची सहा विमानं

बेळगाव-गोवा पट्ट्यातल्या युद्धकाळच्या धावपट्ट्यांवर मी पुस्तक लिहितोय. त्या दिवशी सांबऱ्याला गेलो, तेव्हा १९६१च्या गोवामुक्तीचं प्रकरण माझ्या मते लिहून झालं होतं. तोंडी आठवणींची फोडणी तेवढी द्यायची राहिली होती.

बेळगावजवळच्या सांबऱ्याचा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, इंग्रजांनी १९४२ साली बांधलेला. ज्यांच्याकडे गेलो ते मामा गोवामुक्तीच्या वेळी दहा-अकरा वर्षांचे होते. तारेच्या कुंपणालगतच शेत, त्यामुळे विमानं बघायला तिकीट नव्हतं. चहा झाल्यावर मी कच्चा मसुदाच वाचून दाखवला : '१८ डिसेंबरला सांबऱ्याच्या विमानांनी गोव्याच्या दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकले...'

"बॉम्ब न्हवं ओ," मामा मधेच म्हणाले. "पंखाखाली बारीक लांब कांडकी हुती. जाताना हुती, येताना न्हवती."

मी मनातल्या मनात हसलो. साठ वर्षांपूर्वीचं पोरवयातलं बघणं. तिथे बॉम्ब काय नि कांडकी काय! तरीही उगाच विचारलं, किती विमानं होती? "सहा. मोजलीती मी."

रात्री लॉजवर टिपणं उघडली आणि हसू आटलं. दोन वेगळे हल्ले मी एकाच वाक्यात कोंबले होते. दाबोळीच्या धावपट्टीवर गेली ती पुण्याहून उडालेली कॅनबेरा बॉम्बर. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या फेरीत १२ विमानं आणि ६३,००० पौंड बॉम्ब. टर्मिनलला धक्का लावायचा नाही असा हुकूम होता, म्हणून तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमानं वाचली. अंधार पडल्यावर डागडुजी केलेल्या तोकड्या पट्टीवरून ती निसटली, थेट कराचीला. (या पलायनाच्या मी इतका प्रेमात होतो की त्यावर तीन पानं खर्च केली होती.) सांबऱ्याहून गेली ती हंटर लढाऊ विमानं. त्यांचं लक्ष्य दाबोळी नव्हे, गोव्यातल्याच बांबोळीचं वायरलेस केंद्र. हत्यारं रॉकेटं आणि तोफा. आणि विमानं सहा.

कांडकी म्हणजे रॉकेटं. दोन्ही कागद महिनाभर माझ्याच पिशवीत होते. पण 'हल्ला' म्हटलं की 'बॉम्ब' हा शब्द हातातून आपोआप उतरतो, तसा तो उतरला होता.

सकाळी परत गेलो, चूक कबूल केली, दुरुस्त परिच्छेद वाचला. मामांनी डोळे मिटून ऐकलं. शेवटी म्हणाले, "सगळं बरोबर हाय. पण साही माघारी आली, ते कुटं लिवलंय? मी जेवायला न जाता थांबलोतो की ओ तारंजवळ."

मी खिशातलं पेन काढलं.