दोन ते चारचा पहारा

आमच्या गावचा सप्ताह रामनवमीला बसायचा आणि हनुमान जयंतीला काल्याच्या कीर्तनानं उठायचा. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडायचा. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. घरटी भाकरी गोळा व्हायच्या, आमटी देवळामागच्या चुलवणावर.

आजीला वाचता येत नव्हतं, तरी ती दरवर्षी पारायणाला बसायची. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, ९ हजारांवर ओव्या. शेजारणीनं पान उलटलं की आजीही उलटायची, आणि तिचं बोट ओळीखालून फिरत राहायचं.

मला ओढ असायची ती वीणेच्या पहाऱ्याची. सप्ताह चालू आहे तोवर वीणा खाली टेकवायची नाही. दोन-दोन तासांच्या पाळ्या, नावं खडूनं फळ्यावर. रात्री दोन ते चार कुणालाच नको असायची. तिथं नाव तात्यांचं, आमच्या थोरल्या चुलत्यांचं.

तात्या देव मानत नव्हते. नवस नाही, उपास नाही, घरच्या पूजेला हात लावायचे नाहीत. गावाला हे ठाऊक होतं. पण पावणेदोनला ते अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून हजर. गळ्यात वीणा, तोंडानं रामकृष्णहरी, दोन तास पाय हलता.

मी चौदा वर्षांचा असताना त्यांच्यानंतरची पाळी मागून घेतली. त्या पहाटे विचारलंच, "तात्या, देव नाही म्हणता, मग उभे कशाला राहता?"

"अरे, दोन वाजता कुणीतरी उभं राहायला पाहिजे ना!"

एवढं बोलून त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. पहारा बदलताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं ही रीतच, लहानमोठं बघायचं नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला. भाविक मी होतो, आणि इतकं खाली वाकणं मला अजून येत नव्हतं.

संतांनी पोकळ कर्मकांडावर कोरडे ओढले, ते योग्यच. पण तात्यांच्या त्या दोन तासांना पोकळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हरिपाठाचा पहिला अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहायलाच सांगतो. मानतोस का, असं आधी विचारत नाही. आजीला अक्षर येत नव्हतं, तात्यांना देव पटत नव्हता. दोघांनाही मांडवात जागा होती. पुढं पुण्यात माझीही श्रद्धा पातळ झाली, तेव्हा गावी जायला मला कधी संकोच वाटला नाही, तो या दोघांमुळं.

शेवटच्या वर्षी तात्यांचे पाय धरेनात. फळ्यावर नाव त्यांचंच राहिलं, उभा मी राहिलो. ते खांबाला टेकून बसले, डोळा लागू दिला नाही. चारला पुढचा पोरगा आला. मी वीणा त्याच्या गळ्यात घातली आणि वाकलो, तर खांब धरून तात्याही उठले होते, माझ्या शेजारी वाकत होते.