लॉकनंतरची हमाली: कोथरूडच्या एडिट रूमपासून डीसीपीपर्यंत

दोन तासांचा चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबाने १,७२,८०० फ्रेमचा भरतो. पिक्चर लॉकनंतर, म्हणजे संकलन कायमचं ठरल्यावर, त्यातली एक फ्रेम इकडची तिकडे झाली की साउंड, डीआय (कलरचं काम), सबटायटल आणि सेन्सॉर, सगळीकडचं काम उलटं फिरतं. कमी बजेटच्या मराठी चित्रपटाचा हा शेवटचा टप्पा, थिएटरला जाणाऱ्या डिजिटल प्रतीपर्यंत (डीसीपी), मी कोथरूडच्या एडिट रूममधून पार पाडला. कलर आणि फायनल मिक्स मुंबईला. संकलनातल्या लयीबद्दल, कटाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, म्हणून इथे फक्त हमालीबद्दल. चित्रपट वेळेत लागतो की रखडतो, ते माझ्या मते बरंचसं या हमालीवर ठरतं.

लॉकची तयारी शूटिंगच्या पहिल्या दिवशी, फाइलींच्या नावांपासून सुरू होते. मोठे सिनेमा कॅमेरे प्रत्येक कार्डला वेगळा रील नंबर देतात, तिथे सहसा गोंधळ होत नाही. ड्रोन, ॲक्शन कॅमेरा आणि फोन यांची मोजणी मात्र पुन्हा एकपासून सुरू होऊ शकते. मग एकाच नावाच्या चार-पाच वेगळ्या फाइली जमतात. कलरचं सॉफ्टवेअर नाव आणि टाइमकोड (प्रत्येक फ्रेमचा तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा पत्ता) बघून शॉट जोडतं, त्यामुळे विहिरीच्या जागी घाट येऊन बसतो. कार्ड उतरवताना, प्रॉक्सी (एडिटसाठीच्या हलक्या प्रती) बनवायच्या आधीच, नावापुढे तारीख आणि कार्ड नंबर लावून टाकायचा. प्रॉक्सी झाल्यावर नाव बदललं तर मूळ फाइलींशी जोडणी (रीलिंक) तुटते. कॉपीही चेकसम (फाइलीतून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनेच करायची. नुसतं ओढून टाकलेलं फोल्डर पूर्ण आलं की अर्धवट, हे पटकन कळत नाही.

दुसरी भानगड फ्रेमरेटची. कॅमेरा २३.९७६ वर राहिला आणि टाइमलाइन (एडिटमधली शॉट ओळीने मांडलेली पट्टी) २४ ची असेल, तर फुटेज २४ चं आहे असं सॉफ्टवेअरला सांगितल्यावर (इंटरप्रिट) ते तासाला ३.६ सेकंद पुढे पळतं. दहा मिनिटांच्या टेकमध्ये क्लॅपला ओठ बरोबर जुळतात आणि शेवटी आवाज सुमारे १४ फ्रेम मागे राहतो. फोनचं फुटेज त्याहून वाईट, कारण त्याचा फ्रेमरेट मधेच कमीजास्त होतो. ते आधी स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलायचं आणि मगच एडिटला घ्यायचं.

लॉक झाल्यावर टाइमलाइनची एक प्रत काढायची आणि साफसफाई त्या प्रतीवर करायची, मूळ टाइमलाइनला हात लावायचा नाही. मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांच्या जोडलेल्या क्लिप) फ्लॅटन करून निवडलेला शॉट तेवढा ठेवायचा, नेस्ट (एकात एक ठेवलेल्या टाइमलाइन) उघडायचे, बंद करून ठेवलेल्या क्लिप काढून टाकायच्या आणि जमेल तितकं सगळं पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर उतरवायचं. साधी ईडीएल (कटांची यादी) एकच व्हिडिओ ट्रॅक वाचते. वर ठेवलेला कटअवे (मधे घातलेला दुसरा शॉट) तिच्या दृष्टीने नसतोच. स्पीड रॅम्प (मधेच बदलणारा वेग), फ्रीझ, उलटवलेला शॉट, झूम केलेली फ्रेम या गोष्टी एक्सएमएल या जास्त तपशिलाच्या यादीतूनही कधी बरोबर पोचतात, कधी नाही. म्हणून त्यांची वेगळी यादी द्यायची: टाइमकोड, काय केलंय आणि किती टक्के. कलरवाल्याला फोन करून समजावण्यापेक्षा हे कागद बरे.

चित्रपटाच्या रील, म्हणजे भाग, साधारण वीस-वीस मिनिटांच्या पाडल्या. रील कुठे तोडायची हा निर्णय साउंडला विचारून घ्यायचा. गाणं किंवा पावसाचा आवाज चालू असताना तोडली तर जोडावर खट्ट वाजण्याची भीती असते. सीन बदलतो आणि आवाजही पूर्ण बदलतो अशी जागा शोधायची. पहिली रील ०१:००:००:०० ला, दुसरी ०२:००:००:०० ला, असं करत गेलं की कुणी नुसता टाइमकोड सांगितला तरी रील कळते. चित्राच्या आधी दोन सेकंदांवर, म्हणजे ००:५९:५८:०० ला, एक फ्रेमचा १ किलोहर्ट्झचा पॉप (जुळवणीसाठीचा टिक आवाज) टाकायचा. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांवर आणखी एक. सुरुवातीचा पॉप जुळला आणि शेवटचा नाही, तर फ्रेमरेट नाहीतर रीलची लांबी बदलली आहे. दोन्ही सारख्याच फरकाने सरकले असतील तर रील नुसती चुकीच्या जागी ठेवली गेली आहे.

साउंडला एएएफ (टाइमलाइनची ऑडिओसह फाइल) देताना २४० फ्रेम, म्हणजे दहा सेकंदांचे हँडल (कटाच्या दोन्ही बाजूंचा जादा आवाज) ठेवले. रूम टोन (जागेचा संवादाविना आवाज) शोधायला तेवढे लागतातच. बूम आणि लेपल हे दोन माइक मिसळून द्यायचे नाहीत. एडिटसाठी टाकलेलं उसनं संगीत वेगळ्या ट्रॅकवर ठेवायचं. सोबत रीलवार गाइड व्हिडिओ द्यायचा आणि त्यावर टाइमकोड, रील नंबर आणि व्हर्जन छापलेलं असावं. डिस्क देण्याआधी एएएफ दुसऱ्या मशीनवर उघडून बघायची, कारण आपल्या मशीनवर मीडिया जागेवरच असतो आणि सगळं छान दिसतं. मोठे एक्सपोर्ट बुधवारी रात्रीच उरकलेले बरे, कारण गुरुवारी आपल्याकडे देखभालीसाठी वीज जाते. डिस्क घेऊन असिस्टंट डेक्कन क्वीनने गेला आणि दुसरी प्रत पुण्यातच राहिली. दोन्ही प्रती एकाच बॅगेत ठेवून प्रवास करणारेही लोक आहेत.

श्रेयनामावली हे मराठी चित्रपटाचं खास दुखणं. नावं व्हॉट्सॲपवर येतात, काही जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये येतात आणि पेस्ट केल्यावर त्यांची अक्षरशः रांगोळी होते. ती पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. युनिकोड असूनही 'दिग्दर्शन'मधली पहिली वेलांटी 'द'च्या मागे जाऊन बसली किंवा रफार सुटून पडला, तर सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन बघायचं. प्रीमियरमध्ये आणि आफ्टर इफेक्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्समध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडावं लागतं. फायनल नावं निर्मात्याकडून छापील कागदावर सही करून घ्यायची. रेंडर झाल्यावर कुणाची तरी आत्या आठवते.

सेन्सॉरचा अर्ज ई-सिनेप्रमाण पोर्टलवर होतो आणि आपल्यासाठी कार्यालय मुंबईचं. तंबाखू दिसत असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतराच्या सुमारास किमान ३० सेकंदांचा आरोग्य संदेश, तसंच किमान २० सेकंदांचं दृकश्राव्य निवेदन लागतं. शिवाय विडी किंवा सिगारेट पडद्यावर असेपर्यंत खाली सूचना, तीही चित्रपटाच्याच भाषेत. हे संदेश मूळ रीलमध्ये घुसवायचे नाहीत. वेगळ्या छोट्या रील म्हणून ठेवले की बाकीचे टाइमकोड हलत नाहीत. बैल, कुत्रा, कोंबडी काहीही दिसत असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी प्राण्यांच्या प्रत्येक शॉटची टाइमकोडसह यादी काढायला असिस्टंटला लॉकच्या दिवशीच बसवायचं. पार्श्वभूमीत चालत गेलेली शेळीसुद्धा त्या यादीत हवी.

आणि मग मिक्स चालू असताना दिग्दर्शकाचा फोन येतो: "दादा, तिसऱ्या रीलमध्ये फक्त चार फ्रेम काढ ना." ४८ किलोहर्ट्झवर एका फ्रेमला बरोबर २,००० सॅम्पल, म्हणजे चार फ्रेमला ८,०००. तिथून रीलच्या शेवटापर्यंत संवाद, फोली (पावलं, हालचाली असे स्टुडिओत केलेले आवाज), संगीत सगळं तेवढं सरकणार. माझं उत्तर ठरलेलं असतं: शॉट बदलू, लांबी बदलणार नाही. काढलेल्या चार फ्रेम शेजारच्या शॉटला लावायच्या. ते जमत नसेल तर चेंज नोट काढायची (रील, टाइमकोड, उणे चार, नवी एकूण लांबी) आणि ती साउंड, कलर, सबटायटल तिघांना एकाच मेलवर पाठवायची. प्रमाणपत्र हातात आल्यानंतर मात्र कुणाचंही ऐकायचं नाही, कारण तेव्हाचा प्रत्येक बदल पुन्हा सेन्सॉरला कळवावा लागतो.

डीसीपीमध्ये चित्र जेपीईजी २००० मध्ये जातं, कमाल २५० मेगाबिट प्रति सेकंद. म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाचं नुसतं चित्र जास्तीत जास्त २२५ जीबी. स्कोप (जास्त रुंद चित्र) असेल तर २०४८ बाय ८५८ पिक्सेल, फ्लॅट (कमी रुंद) असेल तर १९९८ बाय १०८०. हार्ड डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ फॉरमॅटमध्ये द्यायची. एक्सफॅट बऱ्याच थिएटरच्या सर्व्हरला चालत नाही.

टेस्ट मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या पहिल्या खेळाआधी मिळते, तीही घाईत. तेवढ्या वेळात पहिली पाच मिनिटं, प्रत्येक रीलचा जोड आणि शेवटची नामावली बघायची. संवाद मधल्या स्पीकरमधून न येता उजवीकडून येत असतील, तर ५.१ च्या (सहा चॅनलच्या आवाजाच्या) फाइलींचा क्रम चुकलाय. साउंडवाल्याने डावा, मधला, उजवा असा क्रम दिला आणि डीसीपी बनवणाऱ्याने डावा, उजवा, मधला असा वाचला. हे पाच मिनिटांत कळतं, पण दुरुस्तीला डीसीपीचा ऑडिओ पुन्हा गुंडाळावा लागतो. म्हणून टेस्ट प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ठेवून चालत नाही.

मिक्सच्याच दिवशी संवाद, संगीत आणि इफेक्ट्सचे वेगळे स्टेम (स्वतंत्र ट्रॅक) मागून घ्यायचे. पुढे टीव्ही चॅनलला २५ फ्रेमची प्रत लागते. नुसता वेग वाढवून ती केली तर १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांचा होतो आणि आवाजाची पट्टी चढते, ती वेगळी उतरवावी लागते. दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं असेल तर संवाद वगळलेला ट्रॅक हवाच. स्टुडिओचं बिल चुकतं झाल्यावर सहा महिन्यांनी ते सेशन कुणी आनंदाने उघडून देत नाही.